चाक उतरवण्याचा क्रम

नवी गाडी ताब्यात घेताना शोरूममधला माणूस एसी, टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा सगळं समजावून सांगतो आणि आपण मन लावून ऐकतो. डिकीच्या तळाशी, गालिच्याखाली झाकून ठेवलेल्या जॅककडे मात्र त्याचंही लक्ष नसतं आणि आपलंही. पुढं कधीतरी पंक्चर होतं, तेव्हा तो जॅक पहिल्यांदा बाहेर निघतो. त्याचा दांडा कुठं अडकवायचा इथपासून सुरुवात असते.

खरं तर चारचाकीचं चाक बदलायला एक जॅक, एक पाना आणि एक स्टेपनी एवढंच लागतं. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, सवय झाली की पंधरा मिनिटं. ताकद फारशी लागत नाही. जे घामाघूम होतात त्यांचं बहुतेक वेळा क्रमात चुकलेलं असतं. आधी करायचं ते नंतर केलं की चार पैशांच्या कामाला चौघं माणसं लागतात. म्हणून या प्रकरणात आपण क्रम पाहू, आणि प्रत्येक पायरी तिथंच का येते तेही. कारण कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

चिकटवलेला टायर ते सुटं चाक

हवेचा टायर स्वतःच्या हातानं बदलता येणं ही सोय सुरुवातीपासून नव्हती. जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टमधल्या पशुवैद्यानं १८८८ साली हवेचा टायर व्यवहारात आणला, पण तो रिमला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं तर आधी तो खरवडून सोडवायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा चिकटवायचा आणि गोंद वाळेपर्यंत थांबायचं. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावात असाच टायर घेऊन एक सायकलस्वार मिशलिन बंधूंच्या कारखान्यात आला. त्या दुरुस्तीत काही तास गेले, वर गोंद वाळायला रात्र गेली. त्यातून सुटा होणारा टायर करण्याची कल्पना निघाली आणि १८९१ साली मिशलिननं तिचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे १२०० किलोमीटरची सायकल शर्यत शार्ल तेराँ यानं याच टायरवर जिंकली.

मोटारींचं दुखणं त्यानंतरही काही वर्षं राहिलं. चाक गाडीला पक्कं जोडलेलं, त्यामुळे रस्त्यातच टायर उचकटून ट्यूब काढावी लागे. वेल्समधल्या लानेल्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली ‘स्टेपनी स्पेअर मोटर व्हील’ विकायला सुरुवात केली. ती आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरसह तयार रिम होती. पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाहेरून शिकंज्यांनी आवळायची आणि घर गाठायचं. अख्खं चाक नटबोल्टनं सुटं करण्याची पद्धत रुळली ती त्यानंतर. आज आपण चार नट फिरवून जे काम उरकतो, त्यासाठी मोटारीच्या पहिल्या पिढीतल्या माणसांनी रस्त्याकडेला बसून तासन्‌तास घालवले आहेत.

जागा आणि जमवाजमव

काम घरी करणार असाल तर जागा निवडण्याची चैन आहे, तिचा फायदा घ्या. सपाट, कठीण जमीन हवी. सोसायटीच्या स्टिल्टमधलं काँक्रीट उत्तम. पेव्हर ब्लॉक असतील तर एखादा ब्लॉक जॅकखाली हलतो आहे का ते पायानं दाबून पाहा. अंगणात माती असेल, आणि त्यातून पावसाळा, तर जॅकच्या बैठकीखाली फूटभर लांबीरुंदीची जाड फळी घाला. भिजलेल्या तांबड्या मातीत जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. उतारावर हे काम करूच नका.

गाडीतून माणसं उतरवा, जड सामान काढा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर. मग जे चाक उचलायचं आहे त्याच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून आणि मागून वीट किंवा दगड लावा.

हँडब्रेक असताना गिअर कशाला, आणि दोन्ही असताना वीट कशाला? बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून गिअर फक्त पुढची चाकं धरतो. पण पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो. एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरायला मोकळं होतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक सुलटं. म्हणजे पुढचं चाक उचलताच गिअरची पकड जवळजवळ संपते आणि गाडी मागच्या हँडब्रेकवर उभी राहते. केबल ढिली असेल तर तीही पकड अर्धवट. अशा वेळी विटेचा आधार मोलाचा ठरतो.

हत्यारांत गाडीबरोबर मिळालेला पाना आपल्या नटांना बसतो का, ते आधी पाहून घ्या. चारचाकींचे नट साधारण १७, १९ किंवा २१ मिलिमीटरचे असतात. काही अलॉय चाकांना चोरी होऊ नये म्हणून एक वेगळ्या खाचेचा नट लावलेला असतो; त्याची किल्ली घरातल्या कपाटात आणि गाडी दुसऱ्या गावात, असं होऊ देऊ नका. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या गाड्यांत नटांऐवजी बोल्ट असतात. तिथं चाक अडकवायला बाहेर आलेले स्टड नसतात, त्यामुळे बोल्टाची भोकं जुळेपर्यंत चाक हातानं तोलून धरावं लागतं.

आधी नट, मग जॅक

सगळ्यात जास्त माणसं चुकतात ती इथं. चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे, काढायचे नाहीत. गाडीचं वजन चाकावर असतं आणि रबर जमिनीला घट्ट धरून असतं, म्हणून पाना दाबला की नट फिरतो. गाडी आधी उचलली तर पाना दाबताच अख्खं चाक फिरतं. ते चाक थांबवायला मग दुसरा माणूस लागतो, आणि त्या ओढाताणीत गाडी जॅकवरून सरकण्याची भीती असते.

नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं सुटतो. पाना डाव्या बाजूला आडवा येईल असा बसवा आणि वरून खाली दाबा. हातानं वर ओढण्यापेक्षा शरीराच्या वजनानं खाली दाबणं सोपं, आणि कंबरही वाचते. अडकलेल्या नटाला पाय लावून दाबायला हरकत नाही. मात्र पाना नटावर पुरता आत बसलेला हवा, नाहीतर नटाचे कोपरे झिजतात आणि मग गॅरेजशिवाय गत्यंतर राहत नाही.

आता जॅक. दरवाजांच्या खाली जी पत्र्याची कड असते तिच्यावर पुढच्या चाकामागं आणि मागच्या चाकापुढं खाचा किंवा खुणा असतात. जॅकचं डोकं तिथंच बसलं पाहिजे. त्या जागी पत्रा दुहेरी-तिहेरी आणि मजबूत केलेला असतो. दुसरीकडं जॅक लावला तर तळाचा पत्रा दबतो, नाहीतर जॅक घसरतो.

गाडीबरोबरचा कैचीसारखा जॅक स्क्रूवर चालतो. हाताच्या माफक जोरावर तो तीन-चारशे किलोंचा कोपरा उचलतो, कारण दांड्याच्या एका पूर्ण फेऱ्यात गाडी काही मिलिमीटरच वर येते. जोर कमी आणि फेरे जास्त, असा हा सौदा आहे. याच स्क्रूमुळे दांडा सोडला तरी जॅक आपोआप खाली येत नाही. पण तो आडव्या धक्क्यानं कलंडू शकतो. म्हणून दोन नियम पाळा. जॅकवरच्या गाडीखाली डोकं, हात, पाय घालायचा नाही. आणि स्टेपनी बाहेर काढून जॅकशेजारी, गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवायची. जॅक कलंडला तरी गाडी तिच्यावर टेकेल. जुनं चाक काढलं की स्टेपनी बाहेर घ्या आणि तिच्या जागी ते जुनं चाक सरकवा.

पंक्चर चाक जमिनीपासून सुटलं की थांबू नका. आणखी चार-पाच सेंटिमीटर उचला. बसलेला टायर कमी उंचीत निघतो, पण हवा भरलेल्या टायरला जास्त जागा लागते. हा हिशेब चुकला की नवं चाक हातात धरून पुन्हा जॅक फिरवत बसावं लागतं.

नट काढून एका वाटीत ठेवा. आता चाक सरळ ओढलं की यायला हवं. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेनं ते हबला गंजून चिकटलेलं असतं. ते गदागदा हलवू नका. गाडी जॅकवर आहे. दोन-तीन नट परत चढवून एक-दोन फेरे सैल ठेवा आणि जॅक हळूच उतरवा. गाडीच्या वजनानंच चाक सुटतं. मग पुन्हा उचला.

बसवणं आणि आवळणं

नवं चाक चढवण्याआधी हबच्या तोंडावरची माती आणि गंजाचे पोपडे फडक्यानं किंवा तारेच्या ब्रशनं काढा. चाकाला जागेवर धरतं ते नटांनी निर्माण केलेलं दडपण. रिम आणि हब यांचे पृष्ठभाग एकमेकांवर इतके घट्ट दाबले जातात की त्यांच्यातल्या घर्षणावरच गाडीचा भार आणि ब्रेकचा जोर पेलला जातो. मध्ये गंज किंवा माती राहिली तर ती चालत्या गाडीत चुरगळते, दडपण कमी होतं आणि नट ढिले पडतात.

नटाची निमुळती बाजू रिमकडं असली पाहिजे. तिच्यामुळे चाक आपोआप मधोमध बसतं. घाईत नट उलटा लावला तर तो आवळल्यासारखा वाटतो, पण चाक मध्यावर येत नाही. सगळे नट आधी बोटांनी फिरवा. बोटांनी दोन-तीन आटे सहज गेले नाहीत तर नट तिरका चढतो आहे. काढून परत लावा. पान्यानं जबरदस्ती केली की आटे गेलेच.

मग हलक्या हातानं आवळायचे, पण ओळीनं नाही. चार नट असतील तर समोरासमोर; पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसं. एकच नट आधी पूर्ण आवळला तर चाक त्या बाजूला कलतं आणि मग बाकीचे कितीही आवळले तरी ते सरळ बसत नाही. यानंतर जॅक उतरवा आणि चाक जमिनीवर आल्यावर त्याच क्रमानं शेवटचा जोर द्या.

किती जोर? लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पाना ३० सेंटिमीटर लांब धरला आणि त्याच्या टोकावर ३५ किलोंचा भार दिला, तर जवळपास १०० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे दोन्ही हातांनी नीट रेटलेला पाना पुरतो. पान्यावर उभं राहून उड्या मारल्या तर स्टड ताणले जातात, आणि पुढच्या पंक्चरला तोच नट कुणालाच सुटत नाही. स्टडना तेल किंवा ग्रीसही लावू नका. तेलानं आट्यांमधलं घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात स्टडवर जास्त ताण येतो.

पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा एकदा तपासा. यात वेळ जातो दोन मिनिटं, पण बहुतेक लोक ही पायरी गाळतात.

स्टेपनीची तब्येत

वेळेला काढलेल्या स्टेपनीतच हवा नाही, हा अनुभव अनेकांचा आहे. पेट्रोल पंपावर हवा भरताना चार चाकं होतात आणि पाचवं डिकीतल्या सामानाखाली राहतं. दर महिन्याला तिचीही हवा तपासा आणि दोन-चार पीएसआय जास्तच ठेवा. कमी करणं सोपं असतं. हवेचा योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. तो गार टायरसाठी असतो, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो. विदर्भातल्या मे महिन्यात भर दुपारी, गाडी पळवून आणल्यावर मोजलेला दाब म्हणूनच फसवतो.

टायरच्या बाजूवरचे आकडे वाचायला शिका. ‘१८५/६५ आर १५’ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १५ इंचांची. ‘१६५/८० आर १४’ हा टायर दिसायला वेगळा, पण हिशेब केला तर पहिल्याचा व्यास सुमारे ६२१ आणि दुसऱ्याचा ६२० मिलिमीटर निघतो. म्हणून वरच्या मॉडेलला मोठी अलॉय चाकं आणि स्टेपनीला लहान लोखंडी रिम, असं कंपन्या करू शकतात. तरीही रुंदी वेगळी असल्यानं पकड वेगळी असते. अशा स्टेपनीवर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, पाळा आणि मूळ चाक लवकर दुरुस्त करून परत लावा.

आकाराशेजारी ‘८५ टी’सारखी खूण असते. ८५ म्हणजे त्या एका टायरची क्षमता ५१५ किलो आणि ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. लंबगोलातले चार आकडे टायरची जन्मतारीख सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेली स्टेपनीही म्हातारी होते. रबर पडून पडून कडक होतं आणि भेगाळतं. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनी तो चांगला दिसला तरी बदलावा, असं मिशलिन कंपनी सांगते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. त्यासाठी खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की समजायचं.

काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती नाही, असा बदल केंद्र सरकारनं २०२० साली नियमांत केला. गाडी घेताना डिकी उघडून पाहा. स्टेपनी नसेल तर ते किट वापरायला घरीच शिका. तळव्यातल्या नक्षीत घुसलेल्या खिळ्यासाठी रबरी स्ट्रिप चालते. टायरच्या बाजूला भोक पडलं असेल तर चालत नाही. ती बाजू सतत लवत असते, तिथं स्ट्रिप टिकत नाही.

रिमवरून टायर उतरवणं

आतापर्यंत आपण अख्खं चाक बदललं. रबर रिमवरून उतरवणं हे वेगळं काम आहे. सायकल आणि ट्यूब असलेली दुचाकी इथपर्यंत ते घरी जमतं.

टायरच्या काठात पोलादी तारेचं कडं असतं. ते ताणलं जात नाही आणि त्याचा घेर रिमच्या कडेपेक्षा लहान असतो. मग ते बाहेर येतं कसं? कासार लहान मापाची बांगडी भरताना अंगठा तळहातात दाबून हात अरुंद करतो, तीच युक्ती इथं आहे. रिमच्या मध्यभागी खोलगट चर असतो. टायरचा एका बाजूचा काठ त्या चरात दाबून बसवला की समोरच्या बाजूला सैलपणा मिळतो आणि तिथं पट्टी घालून काठ सहज वर येतो. पट्टीवर लोंबकळावं लागत असेल तर समोरचा काठ चरात उतरलेला नाही, हे ओळखा. परत चढवतानाही शेवटचा टप्पा व्हॉल्वजवळ आणा, आणि ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून ठेवा. ती मग पट्टीखाली चिमटत नाही.

बजाजच्या जुन्या चेतकसारख्या स्कूटरची गोष्ट निराळी. तिची १० इंची रिम दोन अर्ध्या भागांची असते आणि ते भाग नटांनी जोडलेले असतात. नट सोडले की रिमच उघडते, पट्टी लागत नाही. पण त्या चाकावर नटांचे दोन संच असतात. एक चाक हबला धरतो, दुसरा रिमचे भाग एकत्र धरतो. हा दुसरा संच ट्यूबमधली सगळी हवा काढल्याशिवाय सोडलात, तर दोन्ही भाग दाबासरशी फेकले जातात. आधी व्हॉल्वची पिन काढायची, हवेचा आवाज पूर्ण थांबू द्यायचा, मग पाना.

चारचाकीचा ट्यूबलेस टायर मात्र घरी उतरवू नका. त्याचा काठ रिमवर घट्ट बसलेला असतो. तो सोडवायला यंत्र लागतं, परत बसवायला जोरदार हवा लागते आणि नंतर बॅलन्सिंग करावंच लागतं. काठ बसत नाही म्हणून दाब वाढवत नेणं जिवावर बेतू शकतं. ट्रकच्या रिंग असलेल्या रिमला तर घरी हातही लावायचा नाही. ती रिंग निसटली तर जवळचा माणूस वाचत नाही.

रस्त्यावर वेळ आली तर

घरी शिकलेलं सगळं रस्त्यावर तसंच चालतं, पण जागेचा प्रश्न तिथं आधी सोडवावा लागतो. पंक्चर कळल्यावर जोरात ब्रेक लावू नका. वेग हळूहळू कमी करा आणि डावीकडं सुरक्षित जागी या. त्यात टायर खराब झाला तरी चालेल. पार्किंगचे दिवे चारही बाजूंनी लुकलुकते ठेवा, तांबडा त्रिकोण गाडीमागं किमान ५० मीटरवर लावा आणि प्रवाशांना उतरवून कठड्यापलीकडं उभं करा. द्रुतगती मार्गावर उजवं चाक बसलं असेल आणि शेजारून ट्रक जात असतील, तर जॅक काढू नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. चाक बदलता येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ते कुठं बदलायचं नाही हे कळणंही.

आता हे पुस्तक खाली ठेवा आणि येत्या रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, गाडीचं एक चाक उतरवून स्टेपनी लावा. मग ती काढून मूळ चाक परत चढवा. गाडी घरात जे जे चालवतात त्या सगळ्यांना बोलवा, मुलीला, आईलाही. प्रत्येकानं किमान एक नट स्वतः सोडावा आणि आवळावा. कुणाला पाना झेपत नसेल, नट जाम झाला असेल, किल्ली हरवली असेल किंवा स्टेपनीत हवा नसेल, तर ते त्याच दिवशी, घराच्या दारात कळेल, आणि दुरुस्तही करता येईल.